रेबीजचा तक्ता: अमेरिकेत जनावरं जास्त, आपल्याकडे माणसं जास्त?

घोडबंदरकर: सोसायटीच्या सभेसाठी तक्ता करतोय. अमेरिकेत वर्षाला सुमारे ४,००० जनावरं रेबीजची सापडतात, माणसं दहाच्या आत. भारतात २०२४ ची सरकारी नोंद ५४ संशयित मृत्यू, पण कुठे ५,७२६ दिसतात, कुठे २०,०००. कुठला आकडा घेऊ?

ऐरोली_पशुवैद्य: तिन्ही एका रांगेत बसवू नका. ५४ हे नोंदीत आलेले. ५,७२६ हा आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) घरोघरच्या पाहणीवरून काढलेला वार्षिक अंदाज, २०,००० त्याआधीचा. घरी गेलेला किंवा मेंदूज्वर म्हणून नोंदलेला रुग्ण नोंदीतून निसटतो. अंदाज घेतलात तर प्रत्येक देशाचा अंदाजच घ्या.

अमेरिकेचे ४,००० मात्र मेंदू तपासून मोजलेले आहेत. त्यात ९० टक्क्यांहून जास्त वटवाघळं, रकून, स्कंक, कोल्हे. कुत्र्यांतून कुत्र्यांत पसरणारा रेबीजचा प्रकार तिथून संपल्याचं २००७ मध्येच जाहीर झालं. आपल्याकडे मेलेला कुत्रा गाडीत जातो, प्रयोगशाळेत क्वचितच. म्हणून 'जनावरं' हा रकाना भारतापुढे रिकामा ठेवलेला बरा. कमी आकडा पाहून लोक कमी रोग समजतील.

घोडबंदरकर: तपासणी वाढवायची तर नमुना कसा द्यायचा?

लॅबवाला_ठाणे: मेंदूच्या देठाचा पूर्ण आडवा छेद आणि लहान मेंदू, दोन्ही हवेत. विषाणू कधी एकाच बाजूला असतो, अर्धा तुकडा घेतला की खोटा निगेटिव्ह. गळणार नाही अशा दोन-तीन थरांच्या पॅकिंगमध्ये, बर्फावर. फॉर्मालिनमध्ये बुडवला तर नेहमीची फ्लुरोसंट तपासणी (चमकणाऱ्या रंगाने विषाणू दाखवणारी) होत नाही, ही चूक फार होते. डोकं कापणाऱ्याने आधी लस घेतलेली असावी, हातमोजे-चष्म्यासकट.

खारघरची_साथरोगवाली: जपानचा रकाना जपून. देशांतर्गत रेबीज १९५७ नंतर नाही, तरी २००६ मध्ये दोघे दगावले; दोघांना कुत्रा चावला होता फिलिपिन्समध्ये. म्हणून 'स्थानिक' आणि 'बाहेरून आलेला' वेगळे करा. ऑस्ट्रेलियापुढे नुसतं 'मुक्त' लिहू नका, रेबीजच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद असलेला वटवाघळातला विषाणू तिथे १९९६ मध्ये सापडलाय.

आणि चाव्यांचा आकडा (२०२४ मध्ये ३७ लाखांवर) रेबीजच्या शेजारी नको. तो दवाखान्यात पोहोचलेल्यांचा, लस मिळते तिथे फुगतो. त्याऐवजी लसीकरण झालेल्या कुत्र्यांची टक्केवारी घाला. ७० टक्के गाठले की रोग पसरण्याची साखळी तुटते. नसबंदीचा आकडा त्या जागी चालणार नाही.