शुगर आहे, येऊरला श्रमदानाला जाऊ का?

उपवनवाला: इन्सुलिन घेतो. रविवारी ग्रुपसोबत येऊरला झाडं लावायला जायचंय, पण बायको म्हणते चक्कर आली तर काय, शिवाय रक्तदान पण करायचंय, चालेल का?

नौपाड्याची ताई: दादा जरूर जा! फक्त उपाशीपोटी कुदळ मारू नका, खिशात ग्लुकोज पावडर ठेवा, हात थरथरले, घाम फुटला की लगेच शुगर चेक करा, 70 च्या खाली असेल तर 3 चमचे साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी परत चेक. बूट बंदच घाला, शुगरमुळे पायात काटा रुतलेला कळत नाही कधीकधी.

कळवेकर: इन्सुलिनवाल्यांचं रक्त नाही घेत हो. गोळ्यांवर कंट्रोल असेल तर घेतात. पण शिबिरात नावं लिहायला, चहा-बिस्किटं द्यायला माणसं कमीच पडतात, तिथे या ना! आणि मेहनतीच्या दिवशीचा डोस आधी डॉक्टरांना विचारा.