मानव विकास विषयात एम.एस्सी. केलेलं कोणी आहे का इथे?

नमस्कार मंडळी. माझी भाची नागपूरला होम सायन्सच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तिला मानव विकास आणि कुटुंब अभ्यासच घ्यायचाय. मुलांची वाढ कशी होते याचे सिद्धांत मांडणारे पिआजे, एरिक्सन तोंडपाठ आहेत, पण खरा जीव रमतो तो अंगणवाडीतल्या ३ ते ६ वर्षांच्या पोरांत. घरी मात्र "मुलं सांभाळायला डिग्री कशाला?" हे चालूच. (होम सायन्स म्हणजे स्वयंपाक, हा समज काही जात नाही.)

मुंबईत एसएनडीटी किंवा निर्मला निकेतन, नाहीतर थेट बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ, असे पर्याय डोळ्यासमोर आहेत. फी, वसतिगृह वगैरे आम्ही शोधू. मला विचारायचंय ते प्रत्यक्ष कामाबद्दल. बालवाडी, बालगृह, विशेष मुलांचं केंद्र, कुटुंब समुपदेशन, यांपैकी कुठे कुठे पाठवतात, आणि किती दिवस? एकात्मिक बालविकास योजनेतल्या पर्यवेक्षिकेच्या भरतीत या पदवीचा कुणाला उपयोग झालाय का? समुपदेशक व्हायचं तर मानसशास्त्रच घ्यायला हवं होतं, असं एक जण छातीठोकपणे सांगून गेला, त्यावरही बोला.

स्वतः शिकलेल्यांनी लिहिलं तर फार बरं. भाऊजींना वाचायला द्यायचंय.