स्फेरॉइडवर (पेशींच्या गोळ्यांवर) एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) चालतं का? दुसरं काय वापरू?

रानजाई
एचसीटी-११६ या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींचे स्फेरॉइड करतेय. ९६ वेलची (खळग्यांची) गोल बुडाची प्लेट, वेलमागे १००० पेशी, चौथ्या दिवशी साधारण ४०० मायक्रॉन. डॉक्सोरुबिसिन (कर्करोगाचं औषध) ७२ तास दिलं आणि सवयीने एमटीटी केलं. एकाच डोसच्या तीन वेलचे आकडे तीन दिशांना! गाईड म्हणतात, पिपेटिंग सुधार. खरंच हाताचा दोष आहे का? महागडं किट सुचवणार असाल तर जरा जपून, ग्रँट मार्चपर्यंत पुरवायचीय.

पेशीवाला
हाताला बोल लावू नका. डीएमएसओ (स्फटिक विरघळवणारं द्रावण) घातल्यावर वेल मायक्रोस्कोपखाली पाहिली का? बहुतेक मधोमध जांभळा गोळा तसाच बसलेला असेल. फॉर्माझानचे, म्हणजे पेशी एमटीटीपासून बनवतात त्या जांभळ्या रंगाचे, स्फटिक आतच अडकतात, आणि मुळात एमटीटी गाभ्यापर्यंत पोचतं तरी किती!

मी एटीपी (जिवंत पेशींमधला ऊर्जेचा रेणू) मोजतो, सेलटायटर-ग्लो किटच्या ३डी आवृत्तीने. त्यात डिटर्जंट जास्त कडक असतं, गोळा फुटतो. मीडियाइतकंच रिएजंट, ५ मिनिटं जोरात शेकर, मग २५ मिनिटं थांबायचं. रीडिंग पांढऱ्या अपारदर्शक प्लेटमध्ये. महाग आहे, खोटं कशाला बोलू.

रानजाई
रेझाझुरिन (जिवंत पेशी ज्याला चमकदार करतात तो रंग)? आमच्याकडे बाटली पडून आहे.

मीठभाकर
डॉक्सोबरोबर नको गं. ते स्वतःच नारिंगी-लाल चमकतं, रेझाझुरिनपासून बनणाऱ्या रेसोरुफिनच्या सिग्नलमध्ये मिसळतं. स्वस्तात हवं तर अॅसिड फॉस्फेटेज (पेशींमधलं एक एन्झाइम) मोज: पीएनपीपी (ते एन्झाइम ज्याला पिवळं करतं ते रसायन), थोडं ट्रायटन (डिटर्जंट), ३७ अंशांवर ९० मिनिटं, सोडियम हायड्रॉक्साइडने थांबव, ४०५ नॅनोमीटरला वाच. आधी पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) धुताना मात्र टिप भिंतीला टेकवून ठेव. मी एकदा अख्खी रांग टिपमध्ये ओढून फेकून दिली होती, आणि रिकाम्या वेल पाहून औषध जबरदस्त आहे म्हणून नाचले होते.

पेशीवाला
हाहा! एक राहिलंच. एटीपी कमी म्हणजे पेशी मेल्याच असं नाही, वाढ थांबली तरी आकडा पडतो. रोज फोटो काढून व्यास मोजा, फुकट आहे. काही स्फेरॉइड कॅल्सीनने (जिवंत पेशी हिरव्या चमकवणाऱ्या रंगाने) रंगवून बघा. मेलेल्या पेशींसाठी प्रोपिडियम आयोडाइड नको, तेही लालच, डॉक्सोत हरवेल. आणि ५०० मायक्रॉनच्या पुढे औषध न दिलेल्या गोळ्याचाही गाभा ऑक्सिजनअभावी मरायला लागतो. कंट्रोल सोबत ठेवाच.

रानजाई
आत्ता जुनी प्लेट काढून पाहिली. जांभळा गोळा आहे! फोटो गाईडना पाठवलाय. पीएनपीपी उद्या शेजारच्या लॅबमधून मागून आणते.