पन्नासची एक नोट की दहाची चार नाणी? लेकीला कसं समजावू?

फोंड्याची_आई
यंदा म्हार्दोळच्या जत्रेत आमच्याकडे रडारड झाली. सासऱ्यांनी नातवंडांना जत्रेचे पैसे दिले. माझ्या मुलीला पन्नासची करकरीत निळी नोट आणि तिच्या आतेभावाला दहाची चार नाणी, कारण खिशात दुसरी पन्नासची नव्हती. झालं! खाज्याच्या दुकानासमोर बाईसाहेबांनी भोकाड पसरलं, "त्याला चार, मला एकच!" आणि तो पाच वर्षांचा बेटा मूठ खुळखुळवून दाखवतोय. शेवटी नोट मोडून पाच नाणी हातावर ठेवली, तेव्हा गप्प झाली.

पहिलीत आहे. शंभरापर्यंत घडाघडा म्हणते, पण भाव ऐकला की गोंधळते. परवा विचारलं, एकोणपन्नास जास्त की बावन्न? म्हणाली, एकोणपन्नास. लिहून दाखव म्हटलं तर ५९ लिहिलं. घरात सगळे व्यवहार फोनवर, त्यामुळे मला पैसे मोजताना तिने फारसं पाहिलेलंच नाही. रोख जातात ते पोदेराला, म्हणजे पाववाल्याला. (आणि 'पाव किलो साखर' म्हटलं की हिला पोदेराचा पाव आठवतो, ते वेगळंच.) नाण्यांच्या चित्रांची वर्कशीटं आणली, दोन पानांत कंटाळली. तुम्ही मुलांना कसं शिकवलंत?

निवृत्त_बाई, डिचोली
अगं, तिने मोजलं बरोबर. फक्त नग मोजले, किंमत नाही. पहिली-दुसरीतली बरीच मुलं हेच करतात. काही जण आकारावर जातात, काही वजनावर. जुनं जाडजूड पाचाचं नाणं हातात दे, दहाच्या नाण्यापेक्षा जड लागतं. मुलाने कशावर विश्वास ठेवायचा?

चित्रातलं नाणं मोडता येत नाही, म्हणून ती कंटाळते. जत्रेत तू नोट मोडून दिलीस, तेच रोज कर. दहाच्या नाण्याखाली एकेकची दहा नाणी ओळीने मांड, पन्नासच्या नोटेखाली दहाची पाच. मग उलट कर, सुटे तिच्याकडून घे आणि नोट दे. "आता तुझ्याकडे कमी झाले का गं?" असं विचार आणि गप्प बस. उत्तर आपण द्यायचं नाही.

एकोणपन्नासचा घोळ आपल्या भाषेचा आहे. तिला 'पन्नास' ऐकू येतं, म्हणून ती आधी ५ मांडते. एकोण म्हणजे एक उणा, हे कोणी सांगतच नाही. पन्नासची नोट समोर ठेव, सुटे करून एक रुपया काढून घे, उरले ते एकोणपन्नास. छत्तीस-त्रेसष्टचंही तसंच, एकक आधी बोलायचा आणि दशक आधी लिहायचा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढी चेष्टा झाली! मला जुनेच शब्द आवडतात, पण अडचण खरी होती.

म्हापशाचा_दुकानदार
बाई म्हणतात ते बरोबर, पण मुलीला दुकानात पाठवा हो! आमच्याकडे मुलं येतात, चॉकलेटकडे बघतात, मूठ उघडतात आणि म्हणतात, "यात काय येतं?" तिथेच शिकवणी सुरू.

मी वजाबाकी करत नाही. सदतीसचं सामान, पन्नासची नोट. मुलाच्या हातावर एकेक रुपया ठेवत मोठ्याने म्हणतो, "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस," मग दहाचं नाणं ठेवून "पन्नास". हातावर तेरा आले. चार वेळा ऐकलं की पाचव्यांदा मूल माझ्याआधी बोलतं. आणि एकोणचाळीसनंतर चाळीस येतं, तेही कानावर पडतं.

साखळीचा_बाबा
फोनवर खापर फोडू नका. आम्ही स्कॅन करण्याआधी मुलाकडून रक्कम टाकून घेतो. एकदा ४५ च्या जागी ५४ टाकले, दुकानदारानेच सांगितलं म्हणून वाचलो. पाकिटावर ग्रॅममागे किंमत छापलेली असते, मी ती दाखवायला गेलो. दशांश चिन्ह बघून तो पळाला. पहिलीला ते नकोच.

फोंड्याची_आई
सगळ्यांचे आभार. आठवडाभर सुटे-नोट खेळलो. सासऱ्यांची नाण्यांची बरणी रिकामी झाली, ते कुरकुरतायत.

काल तिला बाजारात नेलं. एक केळीवाली म्हणाली, डझन सत्तर. दुसरी म्हणाली, अर्धा डझन चाळीस. लेक लगेच, "चाळीसवाली स्वस्त!" मी बाईंचं ऐकून गप्प बसले. फक्त म्हटलं, आपल्याला बारा हवीत. ती बोटांवर काहीतरी करत राहिली, मग माझ्याकडून दहाची नाणी मागून घेतली आणि तिथेच पायरीवर चार-चारचे दोन ढीग मांडले. लोक ओलांडून जात होते. "ऐंशी!" मग दुसऱ्या केळीवालीला खणखणीत आवाजात, "तुझी महाग!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. ती मात्र हसली, "म्हजीं पिकिल्लीं आसात गो बाय." खरंच होतं, सत्तरवालीची अजून हिरवी होती आणि मला शिकरण आजच करायचं होतं. शेवटी तिच्याकडूनच घेतली, बारा, ऐंशीला. घरी येईपर्यंत लेक माझ्याशी बोलली नाही. दहा रुपये जास्त का दिले, ते तिला कसं समजावू?