अथाबास्कन भाषा: शब्दयादीवरून वंशवृक्ष काढावा का?

वाटाड्या
उत्तर अमेरिकेतल्या अथाबास्कन भाषा तीन ठिकाणी विखुरल्या आहेत: अलास्का व वायव्य कॅनडा, कॅलिफोर्निया-ओरेगॉनचा किनारा, आणि दक्षिणेत नवाहो-अपाची. मधल्या मुलखात भलत्याच भाषा. तरी घराणं एक, हे सांगता येतं ते शब्दयाद्या शेजारी-शेजारी मांडल्यामुळे.

'दगड' घ्या. दक्षिणेच्या नवाहोत त्से, उत्तरेच्या चिपेवायनमध्ये त्थे, तिकडच्याच डॉगरिबमध्ये क्वे, आर्क्टिक वृत्ताजवळच्या हेअर बोलीत फे. त्से आणि फे सख्खे, हे ऐकून कोणी हसेल. आता 'डोकं': त्सी, त्थी, क्वी, फी. पुन्हा तीच अदलाबदल, त्याच क्रमाने! माझ्या मते याहून भरवशाचा पुरावा नाही, आणि वंशवृक्षही यावरूनच काढावा.

तिरकस
नातं सिद्ध होतं, मान्य. वृक्षाचं मात्र अवघड आहे. हॅरी हॉयजर या भाषाशास्त्रज्ञाने 1938 मध्ये नवाहो धरून अपाची भाषांचे दोन गट पाडले. नवाहोत पाणी म्हणजे 'तो', हिकारिया या अपाची भाषेत 'को'; तसा त कायम ठेवणाऱ्या पश्चिमेच्या आणि त्याचा क करणाऱ्या पूर्वेच्या. दिसायला चोख. पण 1971 मध्ये त्यानेच ही विभागणी मोडली: पूर्व गटातली कायोवा-अपाची वेगळी काढली आणि त्याच गटातल्या हिकारिया, लिपान नवाहोच्या पंगतीत नेऊन बसवल्या.

वाटाड्या
त्यात यादीचा काय दोष? एकाच ध्वनीवर भार टाकला म्हणून फसलं. शंभर शब्द घ्या, मग बोला.

तिरकस
शंभर घेऊनही पाहिलं की. हजार वर्षांत शंभरातले साधारण 86 शब्द टिकतात असं धरून भाषा कधी फुटल्या त्याचा हिशोब मांडायची टूम निघाली. 1956 मध्ये हॉयजरनेच ती अथाबास्कनला लावली. झीज सगळीकडे एकाच वेगाने होते, हे कोणी ठरवलं?

शिवाय या भाषांचा जीव क्रियापदात आहे. 'उचलून दे' याला नवाहोत एक धातू नाहीच. चेंडूसारखी गोल टणक वस्तू असेल तर एक, काठी असेल तर दुसरा, दोरी असेल तर तिसरा, कापड असेल तर आणखी वेगळा. यादीतल्या 'देणे' या ओळीत काय भरणार? 'हात'ही नुसता सांगता येत नाही, कोणाचा ते जोडावंच लागतं. विचारणाऱ्याला 'माझा हात' मिळतो आणि 'माझा'सकट तो रकान्यात जाऊन बसतो.

आडगाव
दोघंही झाडावरच का अडलात? मायकेल क्रॉस आणि व्हिक्टर गोला या भाषाशास्त्रज्ञांनी 1981 मध्येच मांडलं होतं की उत्तरेकडे फांद्या सुट्या काढता येत नाहीत. लोक भटकत, एकमेकांत लग्नं होत, त्यामुळे बदल एका बोलीतून शेजारच्या बोलीत पसरत गेले. आपल्याकडे ग्रियर्सननेही भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात 241 शब्द-वाक्यांची ठरीव यादी वापरली, पण जोडीला बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत लिहून घेतली. नुसत्या यादीवर भागत नाही, हे त्यालाही कळत होतं.

वाटाड्या
गोष्टी हव्यातच. पण भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीरचा 1936 चा लेख आठवा. नवाहोत भोपळ्याच्या डावाला (म्हणजे वाढायच्या पळीला) जो शब्द आहे, तो मुळात शिंगाचा. उत्तरेत डाव शिंगाचा करत, दक्षिणेत भोपळा हाताशी आला, नाव तेच राहिलं. हे लोक उत्तरेतून आले, याचा एक धागा तिथे सापडतो. एकेक शब्द जुळवल्याशिवाय हे कसं दिसलं असतं?

तिरकस
छान उदाहरण, फक्त माझ्या बाजूचं! तुमच्या शंभरांच्या यादीत 'शिंग'समोर शिंगच शोधणार, डाव कोण बघतो? 'कुत्रा'ची तीच गत. चिपेवायनमध्ये 'ल्लीं' म्हणजे कुत्रा (हा ल नुसत्या फुंकरीचा). नवाहोत तोच शब्द स्पॅनिशांचे घोडे आल्यावर घोड्याला लागला आणि कुत्र्याला नवं नाव आलं. यादी म्हणणार, नवाहोने शब्द गमावला. घोड्याची ओळ त्या यादीत नाहीच.

वाटाड्या
मग अर्थ कुठे सरकला, त्याचा एक रकाना वाढवू.

तिरकस
वाढवा. पण मग ती शब्दयादी राहत नाही, तौलनिक कोश होतो.

वाटाड्या
होऊ दे की! निदान घोडा तरी सापडेल.