मदत हवी आहे: हिरड्यांसाठी प्रकाशाचे उपचार की नेहमीचं डीप क्लीनिंग?

आईला मधुमेह आहे. खालच्या दाढांभोवती 6-7 मिमीचे पॉकेट्स (दात आणि हिरडीमधल्या खोल फटी) निघालेत; ब्रश लावला की रक्त येतं, एक दाढ तर जिभेनं ढकलली तरी हलते. एक डॉक्टर म्हणतात, आधी भूल देऊन स्केलिंग-रूट प्लेनिंग (म्हणजेच डीप क्लीनिंग) करू, तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. दुसरे सोबत फोटोडायनॅमिक थेरपीही सुचवतात: पॉकेटमध्ये मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य सोडायचं आणि लाल प्रकाश टाकून जंतू मारायचे. पण त्यानं मुळाला चिकटलेलं टार्टर (कडक झालेला थर) निघत नाही, म्हणजे स्केलिंग टळत नाहीच. मग वरच्या खर्चाचा खरंच फायदा होतो का? मधुमेह असलेल्या कुणी हे करून घेतलंय का? पॉकेट्स किती कमी झाले? पेरिओडॉन्टिस्ट (हिरड्यांचे डॉक्टर) असाल तर प्लीज सांगा. दाढ काढायला आई अजिबात तयार नाही.