गरोदरपणात ब्युप्रेनॉर्फिन चालू असल्यास जन्मल्यावर बाळाची रुग्णालयात कशी काळजी घेतात?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात. काही वर्षांपूर्वी मोटार अपघातात तिच्या मणक्याला मार लागला, शस्त्रक्रिया झाली आणि वेदना कमी होण्यासाठी दिलेल्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांची तिला सवय जडली. त्यातून बाहेर पडण्यासाठी ती तेथील डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन घेते, म्हणजे त्याच अफूवर्गातले, पण मूळच्या गोळ्यांची ओढ आवरणारे औषध. नोकरी, संसार सारे सुरळीत चालू आहे. आता तिला आठवा महिना लागला असून बाळंतपणासाठी मी तिकडे जाणार आहे.

रुग्णालयाने तिला सांगितले आहे की बाळाला जन्मानंतर चार ते सात दिवस देखरेखीखाली ठेवावे लागेल. मात्र वेगळ्या कक्षात नव्हे, तर आईच्याच खोलीत. बाळ दूध पिते का, झोपते का आणि रडल्यावर शांत होते का, एवढेच मुख्यतः पाहिले जाईल. मला हे ऐकून हायसे वाटावे की काळजी वाटावी, हेच कळेनासे झाले आहे. इकडे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की शेवटचे दोन महिने तिने गोळ्या बंद केल्या तर बाळाला काही त्रासच होणार नाही. एवढ्याशा जिवाला मॉर्फिन देतात हे वाचून तर माझ्या पोटात गोळाच आला. बाळाला अंगावर पाजता येईल का? सरकारी बालसंरक्षण खात्याकडे कळवले जाते, असेही मुलगी म्हणते, ते काय आहे? आणि मी तेथे जाऊन नेमके काय करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातारी

काकू, नमस्कार. मी अमेरिकेत नवजात शिशुविभागात डॉक्टर आहे. सर्वांत महत्त्वाचे आधी लिहितो: गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका, कमीही करू देऊ नका. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही औषध चालू ठेवण्याचाच आहे, कारण गरोदरपणात ते सोडणाऱ्या स्त्रिया पुन्हा मूळच्या गोळ्यांकडे किंवा हेरॉइनकडे वळण्याचा धोका मोठा असतो आणि आज तेथील चोरट्या बाजारातल्या मालात फेन्टानिल हे अतिशय तीव्र अफूवर्गीय औषध मिसळलेले असल्याने असे वळणे जिवावर बेतते. शिवाय आईचा डोस जितका मोठा तितका बाळाचा त्रास मोठा, असा सरळ हिशेब आजवरच्या अभ्यासांत दिसलेला नाही. उलट शेवटच्या महिन्यांत डोस वाढवावा किंवा दिवसातून विभागून द्यावा लागतो. तसे झाले तर घाबरू नका.

आता बाळाला होते काय, ते सांगतो. औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि त्याचे शरीर त्याला सरावते. नाळ कापली की पुरवठा थांबतो, दडपलेली मज्जासंस्था एकदम मोकळी होते आणि मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे प्रमाण उसळते. मग हातपाय थरथरणे, कर्कश स्वरात रडणे, अंग ताठरणे, शिंका, जांभया, पातळ शौच, अधाशासारखे चोखूनही दूध नीट न गिळणे अशी लक्षणे दिसतात. हेरॉइनच्या बाबतीत ती पहिल्या दिवसातच दिसतात. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा. जन्मल्या दिवशी गुलाबी, शांत दिसणाऱ्या बाळाला चार ते सात दिवस घरी का सोडत नाहीत, याचे कारण एवढेच आहे. याच उपचारासाठी दिले जाणारे दुसरे औषध, मेथाडोन, असते तर हाच काळ पाच ते सात दिवसांचा धरतात.

तुमच्या मुलीचे औषध तुलनेने सौम्य परिणामाचे आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात मेथाडोन घेणाऱ्या मातांच्या बाळांना ही लक्षणे आवरण्यासाठी सरासरी 10.4 मिलिग्रॅम मॉर्फिन लागले आणि ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांच्या बाळांना 1.1 मिलिग्रॅम, रुग्णालयातील मुक्कामही 17.5 दिवसांऐवजी 10 दिवसांचा झाला.

अंगावर पाजण्याबद्दल: आईची प्रकृती स्थिर असेल, ती उपचार नियमित घेत असेल आणि दुसरे काही घेत नसेल, तर अवश्य पाजावे. दुधात उतरणारे औषध अत्यल्प असते आणि अंगावर पिणाऱ्या बाळांना त्रास कमी होतो, असा अनुभव आहे. ती धूम्रपान करत असेल किंवा झोपेच्या, नैराश्याच्या अथवा मज्जातंतूंच्या दुखण्याच्या गोळ्या घेत असेल, तर मात्र डॉक्टरांना आताच सांगावे, कारण त्यांमुळे बाळाची लक्षणे वाढू शकतात. प्रसूतीच्या वेळी वेदनाशमनासाठी ब्युटॉर्फेनॉल किंवा नालब्युफिन देऊ नये, ही नोंद तिच्या कागदपत्रांत ठळक असावी. या औषधांनी तिला स्वतःलाच एकाएकी त्रास सुरू होऊ शकतो.

रात्रपाळी

काकू, मी मूळची कोल्हापूरची, तिकडे नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे. अशा बाळांना तपासण्याच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धती मी हाताळल्या आहेत, म्हणून बाळाच्या पलंगाजवळ प्रत्यक्ष काय चालते ते लिहिते.

जुनी पद्धत लोरेटा फिनेगन यांनी 1975 साली फिलाडेल्फियात मांडली. तिच्यात 21 लक्षणांची गुणपत्रिका असते आणि दर तीन-चार तासांनी बाळाला तपासून ती भरायची असते. दुपटे सोडायचे, बाळ दचकते किती ते पाहायचे, थरथर मोजायची, शिंका तीन-चारांहून अधिक झाल्या तर एक गुण, जांभयांचाही तसाच. सलग तीन वेळा बेरीज 8 किंवा त्याहून अधिक आली, अथवा सलग दोन वेळा 12 किंवा त्याहून अधिक, तर मॉर्फिन सुरू. एकदा सुरू झाले की ते रोज साधारण दहा टक्क्यांनी उतरवायचे, म्हणजे आठवडेच्या आठवडे जात. बाळ बहुधा अतिदक्षता कक्षात, दिव्यांच्या झगमगाटात आणि यंत्रांच्या आवाजात; आई भेटीच्या वेळेपुरती. त्या काळी फिनेगन यांच्या पत्रिकेमुळे निदान एकसारखे मोजमाप तरी सुरू झाले, हे त्यांचे श्रेय आहेच. परंतु झोपलेल्या बाळाला उठवून, उघडे करून, मग ते रडते म्हणून गुण द्यायचे, हे मला कधीच पटले नाही.

नवी पद्धत येल विद्यापीठाच्या न्यू हेवन येथील बालरुग्णालयात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. तिला ‘ईट, स्लीप, कन्सोल’ म्हणतात आणि तिच्यात तीनच प्रश्न असतात. बाळ एका वेळी सुमारे 30 मिलिलिटर दूध पिते का, किंवा अंगावर नीट पिते का? न उठवता सलग तासभर झोपते का? रडू लागल्यास दहा मिनिटांत शांत होते का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर बाळाला कितीही शिंका येवोत, औषध नाही. एखादे उत्तर नकारार्थी आले, तर आधी आईवडील, परिचारिका आणि डॉक्टर पलंगाशेजारी जमून पाहतात की खोली आणखी अंधारी करता येईल का, माणसे कमी करता येतील का, बाळ उघड्या छातीशी घेतले आहे का, दूध थोडे थोडे पण अधिक वेळा द्यावे का. तेवढ्याने भागले नाही, तर मॉर्फिनचा एखादा सुटा डोस देतात आणि पुन्हा पाहतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार तेथील सरासरी मुक्काम 22.4 दिवसांवरून 5.9 दिवसांवर आला आणि मॉर्फिन लागणारी बाळे 98 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आली.

आता तुमचे काम. या पद्धतीत बाळाला चोवीस तास कुणाचे तरी हात लागतात आणि बाळंतीण एकटी ते करू शकत नाही. रात्री तिने दोन-तीन तास सलग झोपावे म्हणून बाळ तुम्ही घ्यावे. एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा: बाळाला घेतलेल्या माणसाला डुलकी येऊ लागली की बाळ लगेच त्याच्या पाळण्यात, पाठीवर, मोकळ्या गादीवर. आपल्याकडची बाळंतिणीची मंद उजेडाची खोली, मऊ दुपट्यात घट्ट गुंडाळणे, हलक्या आवाजात बोलणे, हे सारे तेथे अगदी हवे आहे. खुळखुळे, तेल रगडून मालीश, पाहुण्यांची रीघ या दिवसांत नको, आणि गुटी किंवा मध अजिबात नको. बाळाला रडू आले की जोरजोरात हलवू नका. उभे धरून सावकाश वरखाली करा. पातळ शौचाने ढुंगण लाल होऊन सोलवटते, म्हणून पहिल्याच दिवसापासून झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर लावा. चिडचिडे बाळ निम्मे याच आगीमुळे रडत असते.

औषधशास्त्री

मी पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. वरील माहिती उपयुक्त आहे, तरी एक शंका नोंदवतो. मुक्काम घटला आणि मॉर्फिन घटले, याचा अर्थ बाळाचा त्रास घटला असा आपोआप होत नाही. औषध देण्याची पातळीच वर नेली, तर औषध घेणाऱ्यांचा आकडा उतरणारच. थरथरणाऱ्या बाळाला केवळ ते पिते आणि झोपते म्हणून औषध नाकारणे कितपत योग्य?

सातारी

शंका रास्त आहे आणि आमच्या क्षेत्रातही ती विचारली गेली. म्हणूनच एका रुग्णालयाच्या अनुभवावर न थांबता 26 अमेरिकी रुग्णालयांत 1305 बाळांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. घरी सोडण्याजोगे होण्यास जुन्या पद्धतीत सरासरी 14.9 दिवस लागले, नव्या पद्धतीत 8.2, औषध 52 टक्क्यांऐवजी 19.5 टक्के बाळांना लागले. पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा भरती होणे वगैरे सुरक्षिततेच्या बाबींत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. कोणत्या बाळाला कोणती पद्धत लावली हे परिचारिकांपासून लपवणे शक्य नव्हते, ही त्या चाचणीची मर्यादा मला मान्य आहे.

परंतु मॉर्फिन देऊ नये असे ही पद्धत म्हणत नाही. दूध न पिणारे, तासभरही न झोपणारे बाळ वजन गमावते. त्याला वेळेवर औषध न देणे ही तितकीच गंभीर हयगय ठरेल. तेव्हा काकू, तुमच्या नातवंडाला मॉर्फिन द्यावे लागले तर ते तोंडावाटे, अत्यल्प प्रमाणात आणि श्वासावर लक्ष ठेवून दिले जाते, एवढे लक्षात असू द्या.

बालसंरक्षण खात्याविषयी: 2016 च्या संघराज्य कायद्यानुसार अशा प्रत्येक बाळासाठी सुरक्षित संगोपनाची योजना तयार करावी लागते. कळवण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, पण डॉक्टरांनीच लिहून दिलेले औषध घेणे म्हणजे मुलाची हेळसांड, असा त्याचा अर्थ होत नाही. रुग्णालयातील समाजसेविकेला मुलीने प्रसूतीपूर्वीच भेटून ही योजना लिहून घ्यावी. उपचारकेंद्राचे पत्र आणि बाळाच्या डॉक्टरांचे नाव त्यात असावे. हे काम बाळंतपणानंतर अर्धवट झोपेत करण्यासारखे नाही.

गिरणगाव

वैद्यकीय बाबींत मी बोलणार नाही. फक्त वडीलधाऱ्यांविषयी. साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना अफू घातलेली बाळागोळी देत असत, कारण दहा-दहा तास मूल सांभाळायला कोणी नसे. तेव्हाच्या सरकारी चौकशांत त्याच्या नोंदी आहेत. आपल्या घरांत असे कधी नव्हतेच, असे कोणी म्हणू लागले तर एवढे जरूर सांगा.

गोदाकाठ

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. गोळ्या बंद करण्याचा विषय आज घरात संपवला. मुलीने समाजसेविकेची वेळ घेतली आहे आणि ब्युटॉर्फेनॉल-नालब्युफिनची नोंदही ती करून घेईल. रात्री रुग्णालयात मला थांबू देतील का, एवढेच विचारायचे राहिले.

रात्रपाळी

बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन माणसांना रात्री थांबता येते, परंतु त्यांची नावे आधी नोंदवावी लागतात. जावयांच्या जोडीने तुमचेही नाव आताच द्यायला सांगा. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी डांग्या खोकल्याची लस घ्या, आणि फ्लूचा हंगाम असेल तर तीही. प्रमाणपत्र सोबत ठेवा, काही ठिकाणी विभागात शिरताना मागू शकतात.